एक मिळकत आणि दोन दफ्तरे



दिवसभराच्या तलखीनंतर सायंकाळी दोन घटका मोकळ्या हवेत बसावे आणि काही चांगले कानांवर पडावे, या हेतूने आपण येथे येता. अशा वेळी मी तुमच्यापुढे जमाखर्चाच्या वह्या उघडून बसणार, हे निमंत्रणपत्रिकेवरून कळल्यामुळे कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्या एका स्नेह्यांनी तर मला सरळच विचारले, "हे व्याख्यान आहे की वकिलाचा सल्ला?" मी म्हणालो, दोन्ही नव्हे. ही एका शब्दाची चिकित्सा आहे, आणि तो शब्द म्हणजे 'मिळकत'. पुण्यात ज्यांनी या वसंत व्याख्यानांची परंपरा सुरू केली ते न्यायमूर्ती रानडे न्यायाधीश होते, तसेच अर्थशास्त्रज्ञही होते. कायदा आणि अर्थशास्त्र यांची गाठ जेथे पडते, तेथलाच आजचा विषय आहे.

विषय असा. आपल्या गावचा मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये जाते, नोकरी न करता स्वतःचा धंदा करते, आणि काही वर्षांनी तेथे कायम राहण्याची परवानगी मागते. किंवा तेथे स्थायिक झालेली व्यक्ती येथील आपल्या जोडीदाराला तिकडे नेऊ पाहते. तेथील सरकार विचारते, "तुमची वर्षाची मिळकत किती?" प्रश्न तीन-चार शब्दांचा आहे. पण या प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे, किंवा दोन ठिकाणी दोन प्रकारे दिल्यामुळे, कित्येक संसार दुभंगले आहेत, आणि दहा-दहा वर्षे तेथे राहिलेली सुशिक्षित माणसे अप्रामाणिक ठरवली गेली आहेत. म्हणून हा विषय रुक्ष असला तरी क्षुल्लक नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. दादाभाई नौरोजी १८५५ साली व्यापारानिमित्त इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांना कोणी मिळकत विचारली नाही. पुढेही दीर्घकाळ हीच स्थिती होती. १९६२ सालापर्यंत राष्ट्रकुलातील माणसाला ब्रिटनमध्ये जाऊन राहण्यासाठी ब्रिटिश सरकारच्या परवान्याची गरज नसे. १९६२ च्या कायद्याने ती मोकळीक संपवली. १९७१ च्या कायद्याने आजच्या व्यवस्थेचा सांगाडा उभा केला आणि तो कायदा १ जानेवारी १९७३ पासून अमलात आला. तेव्हापासून परकी माणसाचे दोन वर्ग पडले. एक मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्यांचा, आणि दुसरा मुदतीचे बंधन नसलेल्या, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी मिळालेल्यांचा. पहिल्या वर्गातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर जे नाके आहेत, त्यांपैकी एक मिळकतीचे आहे.

आता मुळाशी जाऊ. मिळकत म्हणजे काय? नोकरदाराला हा प्रश्न पडतच नाही. महिनाअखेरीस त्याच्या हाती पगाराची चिठ्ठी पडते, तीवरचा आकडा दुसऱ्या माणसाने लिहिलेला असतो, तोच आकडा बँकेत जमा होतो, आणि त्यातून कापलेला कर सरकारजमा झालेला असतो. तीन ठिकाणी एकच आकडा! त्याची मिळकत ही एक साधी वस्तुस्थिती असते.

दुकानदाराचे, सुताराचे, डबे पुरवणाऱ्या बाईंचे, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संगणकतज्ज्ञाचे तसे नाही. संध्याकाळी गल्ल्यात जो पैसा दिसतो तो सारा त्याचा नसतो. त्यातून मालाचे पैसे जायचे असतात, जागेचे भाडे जायचे असते, विजेचे बिल, गड्याचा पगार आणि उधारी बुडाल्याची तूट भरून निघायची असते. हे सर्व वजा जाऊन जे उरते तो नफा. आणि तो किती उरला हे कळण्यासाठी कोठे तरी रेघ मारावी लागते. कोणत्या तारखेपर्यंतचा जमाखर्च धरायचा? मार्चमध्ये केलेल्या कामाचे पैसे मे महिन्यात आले, तर ते कोणत्या वर्षाचे? घरीच बसून काम केले तर घरभाड्याचा किती हिस्सा धंद्याचा? या प्रत्येक प्रश्नाला हिशेबाचे नियम आहेत; परंतु ते नियम लावणारा माणूसच असतो. म्हणून मी म्हणतो की, स्वतंत्र व्यावसायिकाची मिळकत आयती सापडत नाही, ती ठरवावी लागते. आणि जी गोष्ट ठरवावी लागते, ती ठरवताना मोहही होतो आणि चूकही होते.

मोह कसा होतो, हे सांगायला ब्रिटनला जाण्याची गरज नाही. आपल्या बाजारपेठेतच पाहा. प्राप्तिकराचा कागद भरताना धंदा कसा मंद चालला आहे, याचे वर्णन करताना आपले व्यापारी बंधू किती हळवे होतात! आणि त्याच महिन्यात बँकेत कर्ज मागायला गेले, किंवा घरी मुलीला पाहायला पाहुणे आले, की तोच धंदा एकाएकी जोरात चालू लागतो. आपण यावर हसतो, कारण आपल्या ओळखीत असे कोणी तरी असतेच. पण ही दोन सोंगे एकाच सरकारच्या दोन दफ्तरांपुढे केली, आणि ती दफ्तरे एकमेकांना आकडे विचारू लागली, म्हणजे हसण्याची वेळ राहत नाही.

आता ब्रिटनचा नियम पाहू. कुटुंबीयांना तिकडे नेण्यासाठी ९ जुलै २०१२ पासून किमान मिळकतीची एक अट घालण्यात आली. प्रारंभी ती वर्षाला १८,६०० पौंड होती, आणि मुले असल्यास तीत भर पडे. ११ एप्रिल २०२४ पासून ती एकदम २९,००० पौंड करण्यात आली. मुलांसाठीची भर मात्र काढून टाकण्यात आली. अर्ज एकदा करून भागत नाही. प्रथम प्रवेशाच्या वेळी, पुढे मुदत वाढवताना, आणि शेवटी कायम वास्तव्य मागताना, अशी ही परीक्षा पुन्हापुन्हा द्यावी लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, नाशिककडची एक मुलगी लंडनमध्ये डबे पुरवण्याचा धंदा करते. तिला तेथील नागरिकत्व मिळाले आहे. तिचे लग्न नाशिकच्याच एका मुलाशी झाले, आणि आता तिला नवऱ्याला तिकडे न्यायचे आहे. नवरा नाशिकला नोकरीत कितीही मिळवत असला, तरी प्रथम प्रवेशाच्या वेळी त्याचा येथला पगार सामान्यतः जमेस धरत नाहीत. सारा भार मुलीच्या मिळकतीवर. तिच्या धंद्याची वर्षाची उलाढाल ५८,००० पौंड आहे. तिला वाटते, २९,००० च्या दुप्पट मिळकत आहे, मग चिंता कसली?

येथेच पहिली चूक होते. सरकार उलाढाल पाहत नाही, कराला पात्र असलेला नफा पाहते. धान्य-भाजीपाल्याचे १९,०००, स्वयंपाकाच्या जागेचे भाडे ७,०००, गॅस आणि वीज ३,०००, डबे पोचवण्याचा खर्च २,०००, असे ३१,००० वजा गेले, म्हणजे उरतात २७,०००. एक गोष्ट मात्र तिच्या बाजूची आहे. प्राप्तिकर लावताना प्रत्येकाला जी काही रक्कम करमुक्त मिळते, ती येथे वजा करत नाहीत. कर भरण्यापूर्वीचाच नफा धरतात. तरीही २७,००० म्हणजे अटीपेक्षा २,००० कमीच.

दुसरी अडचण वर्षाची. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते आणि पुढच्या ५ एप्रिलला संपते. ही विचित्र तारीख कोठून आली? १७५२ साली त्या देशाने पंचांग सुधारले तेव्हा अकरा दिवस गाळावे लागले, आणि २५ मार्चला सुरू होणारे जुने वर्ष हिशेबापुरते तितकेच पुढे सरकले, असे त्याचे कारण सांगतात. ते असो. अर्ज केला त्या दिवसापूर्वी जे करवर्ष पुरे झाले असेल, त्याच वर्षाचा नफा धरला जातो. आपल्या नाशिकच्या मुलीने फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्ज केला असे समजा. तर ६ एप्रिल २०२३ ते ५ एप्रिल २०२४ हे तिचे वर्ष. त्यानंतरच्या दहा महिन्यांत दोन मोठ्या कचेऱ्यांचे डबे तिला मिळाले आणि धंदा दीडपट झाला, तरी तो आकडा त्या अर्जात उपयोगी नाही. नोकरदाराचे मात्र सहा महिन्यांच्या पगारचिठ्ठ्यांवर भागते. तेवढ्यांवरून त्याच्या वर्षाच्या मिळकतीचे गणित मांडतात.

नियम करणाऱ्यांनी येथे एक पर्यायी वाट ठेवली आहे, हेही सांगितले पाहिजे. शेवटचे एक वर्ष पुरत नसेल तर शेवटच्या दोन पूर्ण वर्षांची सरासरी दाखवता येते. मुलीचा त्याआधीच्या वर्षाचा नफा ३२,००० असेल, तर सरासरी २९,५०० होते आणि अर्ज उत्तीर्ण होतो. तो ३०,००० असेल, तर सरासरी २८,५०० आणि अर्ज नापास. धंद्यातला चढउतार ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सरासरीचे मोल कळेल.

तिसरी अडचण मला सर्वांत अन्याय्य वाटते. आपल्या मुलीने काटकसरीने बँकेत ३०,००० पौंड साठवले आहेत असे समजा. २७,००० पगार असलेल्या नोकरदाराला नियम म्हणतो की, तूट २,००० ची आहे ना? मग तिच्या अडीचपट म्हणजे ५,००० आणि मूळचे १६,००० मिळून २१,००० शिल्लक सहा महिने बँकेत दाखव, तुझे काम झाले. पण स्वतंत्र व्यावसायिकाला आपल्या नफ्याला शिलकीचा असा टेकू देण्याची मुभाच नाही! केवळ शिलकीवरच अर्ज करायचा, तर ८८,५०० पौंड हवेत. म्हणजे त्याच मिळकतीचा नोकरदार २१,००० शिलकीवर पार होतो, आणि ३०,००० जवळ बाळगणारी ही मुलगी अलीकडेच राहते. दोघांची ऐपत सारखी, किंबहुना हिची अधिक. फरक एवढाच की, त्याला पगार देणारा दुसरा आहे आणि हिची मालकीण ही स्वतःच आहे.

चौथी गोष्ट कागदांची. करखात्याकडे भरलेले विवरण, त्यावर करखात्याने काढून दिलेला हिशेब, कर भरल्याचा पुरावा, त्याच बारा महिन्यांची धंद्याची आणि घरची बँकेची खाती, आणि अर्जाच्या दिवशी धंदा चालू असल्याचा दाखला. यांत मेख आहे ती 'त्याच बारा महिन्यांची' या शब्दांत. विवरणातला नफा बँकेच्या खात्यातून वाहताना दिसला पाहिजे. आपल्याकडची सवय अशी की, सकाळी रोख आली, दुपारी त्याच रोखीने भाजी घेतली, संध्याकाळी उरली ती डब्यात टाकली. यात लबाडी काहीच नाही. रोजमेळ नीट लिहिला तर हिशेबही चोख बसेल. परंतु बँकेच्या खात्यात या साऱ्याचा मागमूस नसतो. तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने मग ती मिळकत झालीच नाही. आणि धंदा छोट्या घरगुती कंपनीच्या नावावर असेल तर नियम पुन्हा निराळा. तेथे कंपनीच्या हिशेबवर्षात मालकाने प्रत्यक्ष घेतलेला पगार आणि लाभांश पाहतात. कंपनीच्या नफ्याला आपली मिळकत समजणारे तेथे फसतात.

ही अटच मुळात न्याय्य आहे काय, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, किमान मिळकतीची अट घालण्याचा सरकारला अधिकार आहे. मात्र मुलांच्या हिताचा जो विचार कायद्याने बंधनकारक केला आहे, तो या नियमांत झालेला नाही, आणि अन्य मार्गांनी येणारा पैसा सरसकट नाकारण्याचा फेरविचार झाला पाहिजे. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये नियमांत भर पडली. अर्ज नाकारल्याने कुटुंबावर असह्य आघात होणार असेल, अशा अपवादात्मक प्रसंगी, पुढे होऊ घातलेली खात्रीलायक कमाईदेखील, मग ती नोकरीची असो की स्वतंत्र धंद्याची, विचारात घेता येऊ लागली. २०२० च्या महामारीत धंदे बंद पडले, तेव्हाही तात्पुरती सवलत देऊन त्या काळातील तुटीकडे कानाडोळा करण्यात आला. म्हणजे दार बंद असले तरी त्याला फट आहे. आणि ती फट कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या सामान्य माणसांनी पाडली आहे.

येथवर प्रश्न होता मिळकत पुरेशी आहे की नाही, याचा. आता त्याहून गंभीर प्रकरणाकडे वळतो. तेथे प्रश्न मिळकतीचा राहिला नाही, चारित्र्याचा झाला.

२००८ साली ब्रिटनने अतिकुशल परदेशी लोकांसाठी गुणांकनाची एक योजना सुरू केली. वय, शिक्षण आणि आधीची कमाई यांना गुण देऊन परवाना मिळे, आणि मग त्या माणसाने नोकरी करावी, धंदा करावा, की दोन्ही करावे, हे त्याच्यावर असे. अभियंते, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ, हिशेबनीस असे कितीतरी लोक या वाटेने गेले. भारतातले होते, तसे पाकिस्तान, बांगलादेश आणि नायजेरियातलेही होते. पाच वर्षांनी त्यांना कायम वास्तव्याचा अर्ज करता येई. पुढे सरकारने ही योजना टप्प्याटप्प्याने आवरती घेतली, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिच्याखालील कायम वास्तव्याच्या अर्जांचेही दार बंद झाले.

या शेवटच्या काही वर्षांत गृहखात्याने एक नवी तपासणी सुरू केली. अर्जदाराने काही वर्षांपूर्वी परवाना वाढवून घेताना गृहखात्याला जी मिळकत सांगितली होती, ती करखात्याला सांगितलेल्या मिळकतीशी ताडून पाहायची. पाहता पाहता दोन आकड्यांत तफावती निघू लागल्या. समजा, कोणी गृहखात्याला पगाराशिवाय धंद्याचे २०,००० पौंड सांगितले आणि करखात्याला त्याच धंद्याचे केवळ २,०००. अधिकाऱ्याचा युक्तिवाद सरळ होता. "गुण मिळवण्यासाठी तुम्ही आम्हांला फसवले, किंवा कर चुकवण्यासाठी करखात्याला फसवले. दोहोंपैकी काहीही असो, तुम्ही प्रामाणिक नाही." आणि नियमांतील ३२२ (५) या परिच्छेदाखाली अर्ज नामंजूर.

हा परिच्छेद साधा नव्हे. ज्याचे वर्तन, चारित्र्य वा संबंध पाहता त्याला देशात राहू देणे इष्ट नाही, किंवा ज्याच्यापासून राष्ट्राच्या सुरक्षिततेला धोका आहे, अशांसाठी तो होता. एका हिशेबाच्या तफावतीवरून माणूस या रांगेत जाऊन बसला. त्याचे परिणामही तसेच. परवाना संपला की काम करण्याचा हक्क गेला, घर भाड्याने घेण्याचा हक्क गेला, बँकेचे व्यवहार अडले. मुले तेथेच जन्मलेली, तेथल्या शाळेत शिकणारी. आणि पुढे जगात कोणत्याही देशाच्या परवान्यासाठी अर्ज करायचा झाला, तर 'आपणांस कधी नकार मिळाला आहे काय, आणि का?' या रकान्यात काय लिहायचे?

येथे मला दोन्ही बाजूंशी न्यायाने वागायचे आहे. पीडित माणसाचा कळवळा आला की सरकार म्हणजे राक्षस आणि अर्जदार सारे संत, असे बोलण्याची आपल्याला सवय आहे. वस्तुस्थिती तशी नाही. गदारोळ झाल्यावर २०१८ मध्ये सरकारने या नकारांचा आढावा घेतला. त्यात दिसले की, बहुतांश प्रकरणांत तफावत किरकोळ नव्हती, दहा हजार पौंडांहून मोठी होती. पुष्कळांनी कायम वास्तव्याचा अर्ज करण्याच्या सुमारास आपली जुनी करविवरणे दुरुस्त करून राहिलेला कर भरला होता. इतकी वर्षे न दिसलेली चूक नेमकी त्याच वेळी दिसावी, याचा संशय कोणालाही येईल. आणि काहींनी गुणांसाठी आकडा फुगवला असणार, काहींनी करासाठी आकसला असणार, हे मान्य करण्यात कसला कमीपणा?

परंतु 'काहींनी' या शब्दात 'सर्वांनी' सामावत नाही. दोन आकड्यांत प्रामाणिक फरक पडण्याची कारणे अनेक आहेत. गृहखाते अर्जापूर्वीच्या पंधरा महिन्यांतले कोणतेही सलग बारा महिने दाखवू देई. करखात्याचे बारा महिने एप्रिल ते एप्रिल असे ठरलेले. समजा, एखाद्याने सप्टेंबर ते ऑगस्ट असा काळ दाखवला, आणि मोठे काम नेमके उन्हाळ्यात मिळाले. मग दोन्ही आकडे खरे असून ते जुळणार नाहीत. कोणी कामाचे बिल दिले त्या तारखेला मिळकत धरतो, कोणी पैसे हाती पडले त्या तारखेला. एकाच्या हिशेबात खर्च आधी वजा झालेला असतो, दुसऱ्याच्या नंतर. शिवाय परक्या देशात नवखा माणूस हिशेबनिसावर विसंबतो. हिशेबनीस घाईत विवरणात धंद्याची पुरवणी जोडायचीच विसरतो, आणि पक्षकार शेवटच्या पानावर सही करून मोकळा होतो. हा निष्काळजीपणा खराच. पण निष्काळजीपणा आणि लबाडी यांत जो फरक आहे, तो कायद्याने विसरायचा नसतो. सरकारच्या त्या आढाव्यातही थोडी प्रकरणे किरकोळ चुकांची असावीत असे आढळले, आणि त्यांतील काहींना पुढे कायम वास्तव्य मिळाले.

मुख्य तक्रार होती ती कार्यपद्धतीची. ज्याच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवायचा, त्याला तो ठेवण्यापूर्वी "तुमचे यावर काय म्हणणे आहे?" असे स्पष्ट विचारण्याची रीत नव्हती. एप्रिल २०१९ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने या प्रश्नावर विस्तृत निकाल दिला. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगतो. दोन आकड्यांतील तफावत हा संशयाला आणि विचारणेला आधार आहे. ती अप्रामाणिकपणाचा पुरावा आपोआप होत नाही. ठपका ठेवण्यापूर्वी अर्जदाराला संशयाची स्पष्ट कल्पना देऊन त्याचा खुलासा मागवला पाहिजे. त्याचा खुलासा ऐकून मगच, तो अप्रामाणिक होता काय, हे ठरवायचे. आणि तो तसा ठरला तरीही तेथेच थांबायचे नाही. इतकी वर्षे येथे राहिलेला हा माणूस, याची मुले, याचे काम, हे सारे पारड्यात घालून, त्याला ठेवणे खरोखर अनिष्ट आहे काय, हा स्वतंत्र विचार करायचा. गृहखात्याची तोवरची सर्वसाधारण पद्धत या कसोटीला उतरत नव्हती, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालाने सर्वजण निर्दोष सुटले असे मात्र समजू नका. ज्यांच्याजवळ खुलासा होता त्यांना तो मांडण्याची जागा मिळाली, एवढेच झाले. पण एवढेच फार मोठे आहे. ज्याच्याविरुद्ध निर्णय द्यायचा त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, हे न्यायाचे जुने तत्त्व आहे. आपल्या गावपंचायतीलाही ते ठाऊक होते. एका मोठ्या सरकारच्या खात्याला त्याची आठवण न्यायालयाने करून द्यावी लागली.

आता कोणी म्हणेल, हा सारा विलायतेचा विचार. आम्ही येथे बसून काय घ्यायचे? माझ्या मते दोन गोष्टी घेण्याजोग्या आहेत.

पहिली व्यवहाराची. ज्यांची मुले तेथे धंदा करतात त्यांनी पुढच्या पत्रात किंवा फोनवर एवढे अवश्य सांगावे. चोपडी एकच ठेव. धंद्याचे खाते आणि घरचे खाते निराळे ठेव. रोख आली की आधी बँकेत, मग खर्च. विवरणावर सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाच. हिशेबनीस चुकला तर शिक्षा तुला होते, त्याला नव्हे. चूक सापडली तर ती त्याच वर्षी दुरुस्त कर. करखाते त्यासाठी बारा महिने देते, आणि त्या मुदतीत कबूल केलेली चूक ही चूकच राहते. पाच वर्षांनी गरजेपोटी केलेल्या दुरुस्तीला कोणी सहज चूक म्हणत नाही. सरकारला दिलेल्या प्रत्येक कागदाची प्रत जपून ठेव, आणि दोन दफ्तरांना दोन आकडे द्यावे लागले तर ते का निराळे आहेत, याचे टिपण त्याच दिवशी लिहून ठेव. आणि हे नियम वारंवार बदलतात, म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी काय केले ते विचारू नकोस. तुझ्या अर्जाच्या दिवशीचा नियम वाच.

दुसरी गोष्ट विचाराची. आपले सारे कायदे, केवळ ब्रिटनचेच नव्हेत, पगारदार माणूस डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले असतात. बँकेचे कर्ज असो, घराचे भाडे असो, शिष्यवृत्तीचा दाखला असो, खिडकीमागचा कारकून पहिल्यांदा पगाराची चिठ्ठी मागतो. ज्याच्याजवळ ती नाही तो जणू काही लपवतोच आहे, असे धरून पुढचे प्रश्न विचारले जातात. वास्तविक समाजाचा केवढा तरी भार हे स्वतःच्या हिमतीवर जगणारे लोक उचलतात. त्यांच्या धंद्यात चढउतार आहे म्हणून त्यांच्या सचोटीतही चढउतार आहे, असे होत नाही. त्यांच्या मिळकतीची तपासणी अवश्य व्हावी, कडक व्हावी. पण ती त्यांच्या जीवनाच्या मापाने व्हावी. एका वर्षापेक्षा दोन वर्षांची सरासरी अधिक न्याय्य, ती त्यांना मिळालीच आहे. साठवलेली शिल्लक नोकरदाराला चालते तशी त्यांनाही चालावी, एवढे मागणे अवाजवी नाही.

आणि स्वतंत्र व्यावसायिकांनीही एक गोष्ट ओळखावी. आपण करखात्यापुढे गरीब आणि दुसऱ्या खिडकीपुढे श्रीमंत होतो, तेव्हा फसतो तो केवळ सरकारी कारकून नव्हे. आपल्यामागून त्याच खिडकीशी जो खरा हिशेब घेऊन उभा राहील, त्याच्यावरही संशय येण्याची तजवीज आपण करून ठेवतो. २०१८ साली ज्या प्रामाणिक माणसांचे अर्ज तफावतीच्या एकाच टोपलीत गेले, त्यांना सरकारच्या घाईने जसे त्या टोपलीत टाकले, तसेच त्यांच्याआधी खोटे आकडे लिहिणाऱ्यांनीही टाकले.

मिळकत एक असते, दफ्तरे दोन असतात. दफ्तरांनी माणसाचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्याला खोटा म्हणू नये, आणि माणसाने दोन्ही दफ्तरांत तोंड दाखवता येईल असाच आकडा लिहावा, यापलीकडे मला आज सांगायचे नव्हते.